गणपती सोडून बाकी वर्षभर घर तुमचंच

बदलीची ऑर्डर आली की लोक शाळा कुठली, दवाखाना कुठे, दूधवाला कोण असल्या चौकश्या करतात, आमच्या घरात मात्र थेट भांडणच सुरू झालं, भाड्याने राहायचं की घेऊनच टाकायचं. त्यातून बदली रत्नागिरीला. आम्ही कराडचे, म्हणजे कोकणी माणसाच्या भाषेत घाटावरचे, आणि घाटावरच्या माणसाने समुद्र बघितला की पाण्यात उतरायच्या आधी त्याच्या डोक्यात येतं ते हेच की इथे चार-पाच गुंठे कितीला मिळतील.

सासूबाईंचं मत ठाम. "भाडं म्हणजे दर महिन्याला दुसऱ्याची भर करायची." नवऱ्याचं मत एक्सेलमध्ये. तो घरूनच काम करतो त्यामुळे त्याला कुठेही चालतं, फक्त नेटला रेंज पाहिजे आणि प्रत्येक निर्णयाला एक शीट पाहिजे. आणि मी स्वतः बँकेत होम लोनच्याच टेबलावर, म्हणजे दिवसभर लोकांना "घर घ्या हो" सांगायचं आणि संध्याकाळी घरी येऊन "नको घेऊया" म्हणायचं, हे जे काय आहे ते मलाच माहीत.

शीट अशी होती. ३० लाखांचं कर्ज, २० वर्षं, साडेआठ टक्के व्याज, हप्ता २६ हजारांच्या आसपास. २० वर्षांत भरायचे ६२ लाखांच्या वर. त्याच टाइपचा फ्लॅट भाड्याने १० हजारात मिळत होता. सासूबाईंना मी समजावून सांगितलं की आई, पहिल्या हप्त्यातले २१ हजार २५० तर नुसते व्याजाचे, मुद्दल फिटतं ते जेमतेम पावणेपाच हजार, आणि माझी बदली तर तीन वर्षांनी परत होणार. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाल्या, "म्हणजे हेही भाडंच की गं. फक्त तुझ्या बँकेला." आमच्या रिजनल ऑफिसलाही होम लोन इतक्या थोडक्यात कधी समजावता आलेलं नाही.

पण मग कोणीतरी त्यांना सांगितलं की बाईच्या नावावर घर घेतलं तर महाराष्ट्रात स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सवलत मिळते (खरंय ते, २०२१ पासून आहे), आणि ती फक्त बायकांच्याच नावावर असेल तरच, नवऱ्याचं नाव घुसवलं की गेली. ह्यावर सासूबाईंनी जराही वेळ न घालवता जाहीर केलं की घर आम्हा दोघींच्या नावावर घ्यायचं. त्या दिवसापासून नवरा भाड्याच्या बाजूने झाला. शीटमध्ये अचानक भाडं कसं फायद्याचं हे सांगणारा नवीन कॉलम पण आला.

आता ही सगळी आकडेमोड कराडच्या डायनिंग टेबलावरची. प्रत्यक्ष रत्नागिरीत येऊन बघितलं तर कळलं की इथे प्रश्न भाड्याने की विकत हा नाहीच. इथे घरं आहेत, भरपूर आहेत, जांभ्या चिऱ्याची, कौलारू, पुढे खळं, मागे परसू, विहीर, आणि प्रत्येकाच्या दाराला कुलूप. मालक बोरिवलीला. नाहीतर डोंबिवलीला. चावी शेजाऱ्याकडे, आणि शेजारीही परवाच मुलाकडे विरारला गेलाय. शिरगावच्या बाजूला एका वाडीत आम्ही एजंटबरोबर फिरलो तेव्हा दर दोन घरांमागे एक बंद, मी म्हटलं अहो एवढी घरं रिकामी आहेत की. एजंट दुखावला. "रिकामी नाय हो मॅडम. बंद आहेत."

तर त्यातलं एक घर सासूबाईंना फार आवडलं. ओटी, पडवी, माजघर, अंगणात हापूसचं जुनं कलम, सगळं व्यवस्थित. मालकांना फोन लावला, मागून लोकलची अनाउन्समेंट ऐकू येत होती. भाडं माफक, डिपॉझिट माफक, बोलणं तर इतकं गोड की मला संशयच यायला लागला. मग अटी आल्या, एकेक करून, सावकाश.

"गणपतीला तेवढे आम्ही येणार हां."

या की, घर तुमचंच आहे.

"नाय म्हणजे आम्ही म्हणजे सगळे. चुलत्यांचे पण. गौरीबरोबर विसर्जन असतं आमचं. तुम्ही तेवढे दिवस गावाला जालच."

नवरा म्हणाला आमच्याकडे पण गणपती असतो, जाऊ. झालं. मग कळलं शिमग्याला पालखी घरी येते, त्या वेळी ओटीवर घरचं माणूस लागतं. मग कळलं मे महिन्यात नातवंडांना सुट्टी असते. नवऱ्याने धीर करून विचारलं की काका, मग त्या दिवसांचं भाडं कमी धरायचं का? पलीकडे एकदम शांतता, लोकलसुद्धा थांबली बहुतेक. मग अत्यंत मायेने उत्तर आलं, "अहो भाड्याचं काय घेऊन बसलात, त्या दिवसांत तुम्ही आमचे पाहुणे! जेवायला आमच्याकडेच!"

म्हणजे भाडं आम्ही भरायचं आणि आमच्याच स्वयंपाकघरात पाहुणे म्हणून उकडीचे मोदक खायचे. शिवाय मधली खोली बंद राहणार, तिच्यात देव, माखर, चुलत्यांची भांडी आणि एक शिलाई मशीन जिच्यावर दोन भावांचा वाद आहे.

मग आम्ही म्हटलं घेऊनच टाकू. विकत घेतलेल्या घरात निदान मे महिन्यात तरी आपल्याला राहू देतील. सासऱ्यांच्या नावावर कराडला शेती, म्हणजे आमच्याकडे शेतकरी असल्याचा सातबारा आहे, आणि शेतकरी नसलेल्या माणसाला महाराष्ट्रात शेतजमीन अशी सहज विकत घेता येत नाही, त्यामुळे एजंटच्या नजरेत आमचा भाव एकदम वाढला. तोपर्यंत तो आम्हाला बाटलीतलं पाणी देत होता, सातबारा म्हटल्यावर कोकम सरबत आलं.

त्याने दाखवलेल्या घराचा सातबारा मी मोबाईलवर काढला. स्क्रोल करतेय, करतेय, नावं संपेनात. नवऱ्याला वाटलं मी मतदार यादी उघडलीये. त्यातले काही मयत, त्यांची वारस नोंद नाही, काहींचे वारस लागलेत पण त्यातलेही आता मयत, लग्न होऊन गेलेल्या बहिणींचे हिस्से, इतर हक्कात एक कूळ, आणि एक आत्या ठाण्याला ज्यांना घर विकायचं नाहीये, वापरायचं नाहीये, दुरुस्तीला पैसे द्यायचे नाहीयेत, फक्त नाव राहू दे म्हणतायत. एजंट म्हणाला सगळ्यांची हक्कसोडपत्रं घेऊ, टेन्शन नको. मी बँकेत रोज सर्च रिपोर्ट वाचते, म्हणजे मालकी कोणाकडून कोणाकडे आली त्याचा तपास, आमचे पॅनलवरचे वकील ३० वर्षं मागे जातात, इथे मला वाटलं त्यांना थेट शिलाहार राजांपर्यंत जावं लागेल. विचारलं, वाद वगैरे आहे का काही? "वाद नाय हो. केस आहे." किती जुनी? तर म्हणे आजोबांनी घातली होती, पण आता निकालाच्याच टप्प्यावर आहे.

उरले फ्लॅट. फ्लॅटचं बरं असतं, सातबाऱ्यावर आत्या नसतात, महारेराचा, म्हणजे बिल्डरांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नंबर बघायचा, ताबा कधी ते वाचायचं, झालं. नाचणे रोडला एक बघितला, वर गच्चीत स्लॅब आणि स्लॅबच्या वर परत पत्र्याची शेड. मी म्हटलं दोन-दोन छपरं कशाला? तर रत्नागिरीत वर्षाला ३ हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तो बहुतेक सगळा चार महिन्यांत, नुसती स्लॅब टिकते कशी ते कोकणातल्या कुठल्याही बिल्डिंगच्या सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या माणसाला विचारा. इथे सगळे सांगतात घर जुलैत बघा. जुलैत भिंतीला हात लावायचा, ओल आली का, बुरशी आली का, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर मिशी उगवली का. आणि मग दुसरे सांगतात, जुलैत काय कोणीही दाखवेल, मे मध्ये बघा, विहिरीला पाणी राहतं का. एवढा पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात मे मध्ये टँकर फिरतात हे मला आधी थापच वाटली होती, पण जांभ्यातून पाणी झिरपून जातं आणि उतारावरून थेट समुद्रात, थांबायला त्याला कोणी सांगतच नाही. म्हणजे जुलैत बघा, मे मध्ये बघा, मग व्यवहार करा, मग फर्निचर, एवढं होईपर्यंत माझी बदली चंद्रपूरला.

सी-व्ह्यू पण बघितला, उगाच, हौस म्हणून. बाल्कनीचं ग्रिल हाताला तांबडं लागत होतं, एसीचं बाहेरचं युनिट तर पुरातत्व खात्याकडे द्यायच्या अवस्थेत. खारा वारा. सेल्समन म्हणाला समोर कधीच बांधकाम होणार नाही, सीआरझेड आहे, म्हणजे किनाऱ्यालगत बांधकामावर बंधनं. नवरा म्हणाला समोर बांधकाम होणार नाही ते ठीक, पण समुद्रच इकडे आला तर? मिऱ्याला तो दर पावसाळ्यात कसा आत घुसतो ते आम्ही आदल्याच दिवशी बघून आलो होतो. सेल्समनने विषय बदलून हायवेवर नेला. हायवे झाला की दर डबल, आत्ता घेऊन ठेवा. मुंबई-गोवा हायवेच्या चौपदरीकरणाचं काम २०११ ला सुरू झालं, त्याच्या भरवशावर जे जे डबल व्हायचं होतं त्यात आत्तापर्यंत प्रवासाचा वेळच डबल झालेला मी पाहिलाय.

एवढं सगळं झाल्यावर नवऱ्याने आम्हाला थिबा पॅलेसला नेलं. फिरायला नाही, पुराव्यासाठी. ब्रह्मदेशाचा राजा थिबा, ह्याची बदली आमच्यासारखीच वरून आलेली. १८८५ ला इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं, १८८६ ला त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं, आणि त्याच्यासाठी तो राजवाडा तयार व्हायला १९१० उजाडलं. तोपर्यंत राजा, राणी, मुली सगळे इतर बंगल्यांत. १९१६ ला वारला. "बघ," नवरा म्हणाला, "२४ वर्षं ट्रान्झिटमध्ये काढली आणि मनासारख्या घरात फक्त सहा. प्रत्यक्ष राजा. त्याला हप्ता पण नव्हता." मी म्हटलं ह्यातून भाडंच बरं असं निघतं की रत्नागिरीत पझेशन उशिरा मिळण्याची परंपरा जुनी आहे असं? सासूबाई तोवर लाकडी कोरीव काम बघत होत्या, म्हणाल्या, एवढं घर झाडायला रोज किती वेळ लागत असेल, नकोच आपल्याला विकतचं.

तर ठरलं भाड्यानेच. आणि एवढी वणवण करून परत तेच घर, गणपतीवालं. मी एजंटला म्हटलं करार रजिस्टर करायचा. तो म्हणाला छे, अकरा महिन्यांचा असतो, स्टॅम्प पेपरवर नोटरी केली की झालं, सगळे तसंच करतात. सगळे तसंच करतात हे खरं आहे, पण १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ आहे, त्यात अकरा महिन्यांना काहीही माफी नाही, करार लेखी आणि रजिस्टर पाहिजेच, आणि ती जबाबदारी घरमालकाची. मालकांना फोनवर हे सांगितलं तर तेही तेच, कशाला हो एवढं, विश्वासावर चालू दे. मग नवऱ्याने त्यांना त्याच कलमातली पुढची गंमत वाचून दाखवली, की रजिस्टर केलेला करार नसेल तर भाडेकरू सांगेल त्याच अटी धरल्या जातात, मालक उलटं सिद्ध करेपर्यंत. "म्हणजे काका, मी म्हटलं की गणपतीला तुम्ही येणार असं कधी ठरलंच नव्हतं, तर ते तुम्हाला सिद्ध करावं लागेल."

दुसऱ्या दिवशी मालक मुंबईहून हजर. आधार कार्ड, फोटो, सगळं घेऊन. विश्वास वगैरे शब्द परत निघाला नाही.

आणि आता करार लिहायला बसले म्हटल्यावर त्यांनी काहीच सोडलं नाही. गणपती लिहिला, गौरी लिहिली, पालखी लिहिली, शिलाई मशीन लिहिलं. आमच्याकडूनही मग थोडं सुरू झालं, त्या दिवसांचं लाइट बिल कोणाचं, पावसाळ्याआधी कौलं चाळायचा खर्च कोणाचा, विहिरीवरचा पंप बिघडला तर कोण. हे सगळं तासाभरात मिटलं, चहापाणी झालं, सासूबाईंची आणि काकूंची तर मेतकुटाच्या प्रमाणावरून मैत्रीही झाली. अडकलं ते हापूसच्या कलमावर. झाडावरचे आंबे मालकांचे, हे आम्हाला मान्य. वाऱ्याने खाली पडलेले आमचे, हे त्यांनी बऱ्याच विचारानंतर मान्य केलं. पण वांदरं आंबे पाडतात त्यांचं काय? मालकांचं म्हणणं, वांदराने पाडलेला आंबा हा पडलेला नसून तोडलेला धरावा, म्हणजे तो मालकाचा. नवऱ्याचं म्हणणं, वांदर हा मालकाचा गडी नाही, त्याने काढलेल्या मालावर मालकाचा हक्क कसा. एजंट चलन भरायचं म्हणून लॅपटॉप उघडून बसलाय, त्याची बॅटरी संपत आलीये. शेवटी नवरा वैतागून म्हणाला, मग वांदरांनाच करारात पार्टी करून घ्या. मालकांनी ते लिहून घेतलंय, वाडीतल्या वकिलांना विचारून रविवारपर्यंत कळवतो म्हणालेत.