सेंट्रल लाइन दर सात दिवसांनी बदलायची नसते

‘शस्त्रक्रियेनंतर मानेतली सेंट्रल लाइन सातव्या दिवशी बदललीच पाहिजे, नाहीतर रक्तात जंतुसंसर्ग होतो’ असा मेसेज फिरतो आहे. तो चूक आहे. सेंट्रल लाइन म्हणजे औषधं देण्यासाठी मोठ्या शिरेत घातलेली नळी. सात दिवसांची मुदत लाइनवरच्या पारदर्शक ड्रेसिंगची. गॉझ (जाळीदार कापडाची पट्टी) असेल तर दोन दिवस. ओलं झालं, सुटलं तर लगेच बदलायचं.

दिवसांगणिक धोका वाढतो हे खरं. पण ठरवून नवी लाइन घातल्याने तो कमी होत नाही, उलट पुन्हा सुई टोचताना रक्तस्राव किंवा फुप्फुसाला इजा होऊ शकते. अपवाद एकच: घाईत, निर्जंतुक काळजी न घेता घातलेली लाइन ४८ तासांत बदलावी.

जांघेतली लाइन, शिरेतून दिलं जाणारं पोषण, गरजेपेक्षा जास्त ल्युमेन (नळीतल्या वेगवेगळ्या वाहिन्या) यांनी धोका वाढतो. सुरुवातीचे जंतू बहुधा त्वचेवरून येतात, पुढे हबमधून, म्हणजे नळीच्या बाहेरच्या, इंजेक्शन जोडायच्या टोकातून. म्हणून प्रत्येक इंजेक्शनआधी हब अल्कोहोलने किमान ५ ते १५ सेकंद घासून वाळू द्यावं. नुसतं पुसणं पुरत नाही. नातेवाईकांनी रोज एवढंच विचारावं: ‘डॉक्टर, ही लाइन आज लागणार आहे का?’ नको असेल तर ती त्याच दिवशी काढावी.