माळ्यावरच्या खोक्यातली बेसबॉल कार्डं : एक तारा दिलेल्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय नीट वाचला. न्यू जर्सीतल्या नव्या घराच्या माळ्यावर बुटांच्या खोक्यात सापडलेली साडेसहाशे बेसबॉल कार्डं घेऊन तुम्ही शनिवारी आमच्या दुकानात आलात. तुमचं म्हणणं असं, की आम्ही ती पाच मिनिटांत वरवर चाळली, मिकी मँटल या खेळाडूचं १९५२चं कार्ड ‘रीप्रिंट (नंतर पुन्हा छापलेलं) आहे’ म्हणून बाजूला सारलं, ई-बेवर ४,५०० डॉलरला लागलेल्या नोलन रायनच्या कार्डाला २६० देऊ केले आणि १९८७ ते १९९१च्या कार्डांचे डबे घ्यायलाच नकार दिला. शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘मराठी माणूस म्हणून विश्वासाने गेलो आणि तिथेच गंडवलं.’ हे वाक्य लागलं. म्हणून एकेका मुद्द्याचं उत्तर देतोय, आणि तेही अशा पद्धतीने की पट्टी आणि भिंग घेऊन तुम्हाला घरी पडताळून पाहता येईल.

आधी आमची चूक. शनिवारच्या गर्दीत आम्ही सगळे आकडे तोंडी सांगितले. कोणत्या कार्डाला किती आणि का, हे कागदावर लिहून द्यायला हवं होतं. मँटलबद्दलही आम्ही एवढ्यावरच थांबायला नको होतं. ते मूळ कार्ड नाही, पण टाकाऊही नाही.

कार्डं छापणाऱ्या टॉप्स कंपनीच्या १९५२च्या संचात ४०७ कार्डं होती आणि मँटलचा क्रमांक ३११. त्या काळची टॉप्सची कार्डं मोठी असत, साधारण ६७ बाय ९५ मिलिमीटर. आजचा नेहमीचा आकार, म्हणजे ६३.५ बाय ८९ मिलिमीटर, १९५७पासून आला. तुमचं कार्ड या लहान आकाराचं आहे. १९८३ मध्ये टॉप्सनेच १९५२चा संच पुन्हा छापला, तो याच लहान आकारात, आणि प्रत्येक कार्डाच्या पाठीवर बारीक अक्षरांत ‘टॉप्स १९५२ रीप्रिंट सिरीज’ असं छापलं. तुमच्या कार्डावर ती ओळ शाबूत आहे. बाजारात ही ओळ खरवडलेली कार्डंही फिरतात, त्यामुळे पाठीवर तेवढाच पट्टा घासलेला दिसला तर सावध व्हायचं. मूळ मापाच्या बनावट प्रतीही निघतात, तिथे पट्टी कामाची नाही, भिंग लागतं. खऱ्या कार्डावर नावाच्या अक्षरांची शाई सलग आणि कडा स्वच्छ असतात. छापील कार्डाचा फोटो काढून पुन्हा छापलं की तीच अक्षरं ठिपक्याठिपक्यांत फुटतात. दहापट भिंगातूनही हे दिसतं.

मँटलचं मूळ कार्ड त्या संचातलं सर्वांत दुर्मिळ आहे असा समज आहे, तो खरा नाही. ३११, ३१२ (जॅकी रॉबिन्सन) आणि ३१३ (बॉबी थॉमसन) ही तिन्ही कार्डं संचातल्या शेवटच्या मालिकेतल्या इतर कार्डांच्या दुप्पट छापली गेली होती. ३११पासून पुढची मालिका हंगाम संपत आल्यावर बाजारात आली आणि खपली नाही. उरलेला माल १९६० मध्ये अटलांटिक समुद्रात बुडवला, असं टॉप्सचे साय बर्जर यांनीच पुढे सांगितलं. आज जी किंमत येते ती मागणीमुळे आणि अवस्थेमुळे. २०२२च्या ऑगस्टमध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलेलं मँटलचं कार्ड दहापैकी ९.५ दर्जाचं होतं. कोपरे झिजलेलं तेच कार्ड त्याच्या आसपासही पोचत नाही. तुमच्या १९८३च्या पुनर्मुद्रणाला वेगळं गिऱ्हाईक आहे आणि त्यात मँटललाच सर्वांत जास्त मागणी असते, म्हणून ते जपून ठेवा, सुट्या कार्डांच्या ढिगात घालू नका.

आता रायन. तुमच्या खोक्यातलं हेच खरं मोलाचं कार्ड. टॉप्स १९६८, क्रमांक १७७, न्यूयॉर्कच्या मेट्स संघाचे दोन नवोदित खेळाडू शेजारीशेजारी, जेरी कूजमन आणि नोलन रायन. ते अस्सल आहे, हे आम्ही दुकानातही सांगितलं होतं. किंमत कुठे अडते ते पाहायचं असेल तर कार्ड दिव्याखाली आडवं धरून हळूहळू तिरकं करा. रायनच्या टोपीपासून उजव्या कडेपर्यंत केसाएवढी बारीक चुणी चमकून जाईल. समोरून पाहिलं तर तिचा पत्ता लागत नाही. डाव्या कडेला मधोमध एक खाच आहे. गठ्ठ्याला वर्षानुवर्षं रबरबँड लावून ठेवला की कडा अशी दबते. चारही कोपरे गोलसर झालेत, आणि छापील चित्र एका बाजूला सरकलंय. हे सरकणं मोजायचं असं : डावी आणि उजवी किनार मोजायची, बेरीज करायची आणि टक्के काढायचे. तुमच्या कार्डावर एक बाजू दीड मिलिमीटर आणि दुसरी साडेतीन, म्हणजे ३०/७०. चुणी नसती तर एवढ्या सरकण्याने फार बिघडलं नसतं. पण चुणी असली की कार्डांचा दर्जा ठरवणाऱ्या पीएसए कंपनीच्या दहाच्या मापावर कार्ड सहसा चारच्या वर जात नाही. कोपरे आणि खाच धरून आमचा अंदाज दोन ते तीन.

ई-बेवरचे ४,५०० डॉलर ही मागितलेली किंमत आहे, आणि त्या फोटोतलं कार्ड सात दर्जाचं, सीलबंद डबीतलं आहे. ‘सोल्ड आयटम्स’वर टिचकी मारून झालेले व्यवहार बघा, आणि तेही आपल्या दर्जाशी जुळणारे. घासाघीस होऊन ठरलेल्या व्यवहारात मूळ मागणी खोडलेली दिसते, तिला विक्रीची किंमत समजू नका. आमचा हिशेब असा होता : विक्री ४०० डॉलर धरली. त्यातून ई-बेचं कमिशन साधारण १३ टक्के, म्हणजे ५२. दर्जा लावून घेण्याची फी आणि विम्यासह टपाल मिळून ४०. उरले ३०८. त्यातले २६० तुम्हाला, आणि काही महिने थांबण्यासाठी आणि दर्जा अंदाजापेक्षा खाली आला तर सोसण्यासाठी ४८ आमच्याकडे. स्वतः विकायची तयारी असेल तर हे ४८ तुमचेच आहेत, आणि आमचा सल्लाही तोच. रायनच्या या कार्डाच्या बनावट प्रती बऱ्याच निघतात, त्यामुळे दर्जा कमी असला तरी पीएसए किंवा तसंच काम करणाऱ्या एसजीसीकडून ते सीलबंद करून घेणं परवडतं. खोक्यातल्या बाकी १९६८ आणि १९७१च्या साध्या कार्डांना मात्र फीसुद्धा निघायची नाही.

१९७१चा विषय निघालाच आहे तर सांगतो. त्या वर्षीच्या टॉप्सच्या कार्डांना काळी किनार आहे. कडेचा थोडासा रंग उडाला तरी पांढरं उठून दिसतं, म्हणून लोक मार्करने ते बुजवतात. तुमच्या गठ्ठ्यातल्या दोन कार्डांवर असं केलेलं आहे. कड उभी धरून भिंगातून पाहिली की पुठ्ठ्याच्या धाग्यांत शाई भिनलेली दिसते. अशा कार्डाला आकड्यातला दर्जा मिळत नाही, ‘फेरफार केलेलं’ असा शेरा मिळतो. तुम्ही काही कार्डं ओल्या फडक्याने पुसून आणली होती, त्याचाही असाच तोटा होतो. पाण्याने पुठ्ठ्याचे तंतू फुगतात आणि चकाकी जाते. खोडरबर तर अजिबात वापरू नका. कार्डावरची धूळ खरेदीदाराला चालते, पुसल्याची खूण चालत नाही.

राहिले १९८७ ते १९९१चे डबे. त्या वर्षांत टॉप्स, फ्लीअर, डॉनरस, स्कोअर आणि अपर डेक या कंपन्यांनी एवढी कार्डं छापली, आणि लोकांनी भविष्यातली गुंतवणूक म्हणून ती इतकी जपून ठेवली, की आजही घरोघरी न फोडलेले डबे निघतात. आमच्याकडे ठेवायला जागा नाही आणि विकत घ्यायला कोणी येत नाही. नकाराचं कारण तेवढंच. तरी देऊन टाकण्यापूर्वी दोन कार्डं तेवढी शोधा : अपर डेक १९८९, क्रमांक १, केन ग्रिफी ज्युनिअर, आणि टॉप्स १९९०, क्रमांक ४१४, फ्रँक थॉमस, पण त्याचं नाव पुढच्या बाजूला छापायचंच राहून गेलंय असं. आम्ही वरचे थर पाहिले, तळापर्यंत गेलो नाही, तेव्हा ‘पाच मिनिटांत पाहिलं’ हे तुमचं म्हणणं या डब्यांपुरतं खरं आहे. माळ्यावरच्या उष्म्याने गुळगुळीत कार्डं एकमेकांना चिकटली असतील तर ओढून सोडवू नका, वरचा छापील थर उतरतो.

आमच्याकडे या किंवा येऊ नका, पण कार्डं माळ्यावरून आजच खाली आणा. रबरबँड काढा. रायनला आधी मऊ पातळ पिशवी, मग टॉपलोडर, म्हणजे कडक प्लास्टिकचं पाकीट. पीएसएला पाठवताना मात्र टॉपलोडर नको, कार्ड सेव्हर वन नावाचं अर्धकडक पाकीट लागतं. खोक्यात १९५२ ते १९५६ची खरी टॉप्स निघाली तर त्यांना मोठ्या मापाची पिशवी घ्या, नेहमीच्या पिशवीत कोंबली की कोपरे तिथेच दुमडतात.

लेखी यादी करून द्यायला आम्ही बांधील आहोत. मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी या, दुकान रिकामं असतं. डबे तळापर्यंत पाहू. १९७५च्या आधीचं प्रत्येक कार्ड तुमच्यासमोर भिंगाखाली धरू, आणि क्रमांक, दोष, अंदाजे दर्जा आणि आमची किंमत असे चार रकाने भरून कागद तुमच्या हातात देऊ. त्याचे पैसे घेणार नाही. तो कागद दुसऱ्या दुकानात दाखवलात तरी चालेल.