सिंड्रेलाचा झगा निळा नव्हता

मागच्या डिसेंबरात भाचीच्या शाळेत गॅदरिंग होतं. मास्तरीणबाईंनी तिला सिंड्रेला केलं. बहीण म्हणाली, "दादा, तालुक्याले जातच हायेस तं निळं सॅटिन घेऊन ये." मी शिंप्याच्या दुकानात जाऊन म्हणालो, निळं नको, चांदीसारखं पांढरं दाखवा. काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "म्या आतापावतर चार सिंड्रेला शिवल्या भाऊ. चारही निळ्या. तुमचीच काऊन पांढरी?"

आता ह्याला काय सांगावं? दुकानात गर्दी होती, म्हणून तिथं बोललो नाही. इथं बोलतो.

डिस्नेच्या १९५० सालच्या 'सिंड्रेला' ह्या कार्टून सिनेमात झगा चंदेरी पांढरा आहे. रात्रीच्या प्रसंगात त्यावर निळसर झाक पडते, ती चांदण्याची. बाहुल्या, दप्तरं, वॉटरबॅगा विकणाऱ्यांनी ती झाक तेवढी उचलली आणि अख्खा झगा निळा करून टाकला. केसही पिवळेधमक केले. बाहुलीपुरतं ते ठीक होतं. पण पुढं सिनेमाच बाहुलीसारखा व्हायला लागला. २०१२ च्या ब्लू-रे डिस्कवर झगा निळा आहे आणि सफाईच्या नादात फिल्मचे दाणे, म्हणजे जुन्या फिल्मवर दिसणारी बारीक रवाळ खर, पुसता पुसता चित्रकाराच्या पेन्सिलची रेघही ठिकठिकाणी पुसली गेली आहे. आंगण सारवायला बसावं आणि रांगोळीवरूनच शेणाचा हात फिरवावा, तशातली गत. आणि वरून नाव काय, तर रिस्टोरेशन, म्हणजे जुनं होतं तसं परत करणं.

गंमत अशी, की त्या सिनेमाच्या मूळ निगेटिव्हमध्ये रंग नाहीतच. त्या काळी ॲनिमेशनसाठी टेक्निकलरची, म्हणजे रंगीत सिनेमा करायच्या तेव्हाच्या पद्धतीची, रीत वेगळी होती. प्रत्येक चित्राचा फोटो तीनदा घ्यायचा, लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून, एकाच काळ्या-पांढऱ्या फिल्मवर लागोपाठ. म्हणजे हाती राहतात त्या तीन करड्या नोंदी. रंगच नसल्यामुळे ते निगेटिव्ह फिकंही पडत नाही. पण त्या तीन नोंदी एकत्र करताना निळा किती, लाल किती हे दर वेळी कुणाला तरी बसून ठरवावं लागतं. तो माणूस समोर जुनी प्रिंट आणि जुनी चित्रं ठेवून ठरवतो की आज दुकानात काय खपतं ते पाहून, सगळा घोळ तिथं आहे.

मी सोळा वर्षं जिनिंगवर कापसाची प्रत पाहिली. पांढरा म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये. पहिल्या वेचणीचा कापूस वेगळा पांढरा, फरदडीचा, म्हणजे हंगाम सरल्यावर राखलेल्या पिकाचा, वेगळा, आणि बोंडात पाणी शिरलेला कवडी कापूस तर पांढऱ्याच्या नावाखाली पिवळाच. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली गाडी खाली झाली की सगळाच दुधासारखा दिसतो. मग मूठभर कापूस घेऊन दाराशी जायचं, उन्हात नाही, सावलीच्या उजेडात धरायचा, आणि मग बोलायचं. शेतकरी म्हणायचा, "आत तं पांढरा होता!" होताच. आमची आजीसुद्धा लुगडं दुकानाच्या दाराशी नेऊन पाहिल्याशिवाय घेत नसे.

तर कोणत्या उजेडात पाहायचं, हा प्रश्न आहे. "आम्ही थेट मूळ चित्रावरून रंग घेतला" असं कुणी सांगितलं तरी मी एकदम मान डोलावणार नाही. जुन्या ॲनिमेशनमध्ये एका दृश्यात चार-पाच पारदर्शक सेल, म्हणजे चित्रं रंगवलेले प्लॅस्टिकसारखे पातळ ताव, एकावर एक ठेवत. पारदर्शक म्हणतात खरं, पण प्रत्येक सेल थोडाथोडा उजेड खातो. म्हणून एकाच पात्राचा रंग खालच्या सेलसाठी मुद्दाम जरा उजळ कालवायचे, म्हणजे वरून सगळं सारखं दिसावं. डबीतला रंग जाणूनबुजून 'चुकीचा', पडद्यावर बरोबर यावा म्हणून.

हेच कॉम्प्युटरच्या काळातही झालं. 'टॉय स्टोरी' १९९५ चा. सगळा सिनेमा कॉम्प्युटरवर केला, पण थिएटरात गेला तो ३५ मिमी फिल्मवर छापून. फिल्म रंग बदलते हे करणाऱ्यांना ठाऊक होतं, त्यांनी तो हिशेब धरून रंग लावले. पुढं डिस्क निघाल्या त्या थेट कॉम्प्युटरच्या फाइलवरून, फिल्मचा टप्पा गाळून. चित्र लख्ख, एक धूळकण नाही. पण ज्या फिल्मसाठी हिशेब केला होता ती मधून गेलीच! खिचडीत उद्या पाणी लागेल म्हणून आज मीठ जास्त टाकावं आणि कुणी पाणी न घालताच वाढावी, असं ते आहे. माझ्या मते मूळ रंग तो, जो करणाऱ्यांनी पडद्यावर पाहून पास केला. डबीतला नाही आणि फाइलमधलाही नाही.

आता दुसऱ्या बाजूचे लोक. "आम्ही लहानपणी पाहिलं तसंच पाहिजे." अरे बाबा, तू लहानपणी काय पाहिलंस? आमच्या गावात पहिला रंगीत टीव्ही आला तेव्हा मालकानं रंगाचं बटन शेवटपर्यंत फिरवून ठेवलं होतं, पैसे रंगाचे दिले म्हणून. बातम्या देणारी बाईसुद्धा विटेसारखी लाल. जत्रेतल्या टुरिंग टॉकीजला जुन्या ईस्टमनकलरच्या प्रिंटा यायच्या, त्यातला निळसर-हिरवा रंग आधी उडतो, म्हणून आभाळ गुलाबी आणि पऱ्हाटीही गुलाबी. आणि 'एक अनेक और एकता', विजया मुळे यांनी १९७४ साली केलेली ती टीव्हीवरची कार्टून फिल्म, मी पहिल्यांदा मोबाइलवर रंगीत पाहिली तेव्हा चक्रावलो. पोरपणी तिच्यातल्या चिमण्या मी राखाडीच समजत होतो. माझ्या आठवणीवर कुणी सिनेमा रंगवला तर सत्यानाश होईल. त्यापेक्षा जपून ठेवलेली प्रिंट आणि त्या वेळची चित्रं बरी.

२०२३ मध्ये सिंड्रेला पुन्हा नव्यानं साफ केला, मूळ नायट्रेट (त्या काळच्या फिल्मचा प्रकार) निगेटिव्हवरून, आणि बर्लिनच्या महोत्सवात दाखवला. झगा परत चंदेरी, रेघ परत जागेवर. म्हणजे करता येतं. अकरा वर्षं उशिरानं का होईना, केलं. मला एवढंच पाहिजे, की डिस्कच्या डब्यावर किंवा ॲपवर एका ओळीत लिहावं: रंग कशाला जुळवून घेतले. कापसाच्या गाठीवरसुद्धा नंबर असतो राजेहो.

गॅदरिंगचं सांगायचं राहिलं. झगा चांदीच्या सॅटिनचाच शिवला, काकांनी कुरकुरत का होईना, छान चुण्या घातल्या. भाची स्टेजवर आली. मी कॉलर ताठ केली. आणि तेवढ्यात डेकोरेशनवाल्या पोराला काय सुचलं कोण जाणे, त्यानं तिच्यावर निळा लाइट मारला. बहिणीनं मला कोपर मारलं.

"पाह्य! म्हनलं होतं न मी, निळाच हाय!"