मोमोच्या नावावर करड्या माणसांचा हिशेब

ताईनं आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. तिला तो भाचीच्या क्लासच्या पालक-ग्रुपवर मिळाला होता. दोनच दिवसांत तोच मेसेज मला आणखी दोन ठिकाणांहून आला, तेव्हा तो बराच फिरतोय हे कळलं. मथळा ‘वेळेचं मोल शिकवणारा जर्मन लेखक’, खाली सात मुद्दे आणि शेवटी ‘आपल्या मुलांसाठी जरूर पुढे पाठवा’.

लेखक म्हणजे मिखाएल एंडे. ज्यांनी मेसेज वाचला नाही त्यांच्यासाठी सातही मुद्दे थोडक्यात. एक, एंडे नाझी सैनिकाचा मुलगा. दोन, नट म्हणून नापास, घरभाडं द्यायलाही पैसे नाहीत. तीन, ध्येय ठरवून, नियोजन करून पुस्तक लिहिलं, बारा प्रकाशकांनी नाकारलं तरी हरला नाही. चार, हॉलिवूडनं त्याच्या ‘नेव्हरएंडिंग स्टोरी’वर सिनेमा काढला आणि तो कोट्यधीश झाला. पाच, तरी समाधान नाही, आणखी पैशांसाठी सिनेमावाल्यांनाच कोर्टात खेचलं. सहा, त्याचा यशाचा मंत्र ‘तुला हवं ते कर’. सात, ‘मोमो’ या पुस्तकातून त्यानं मुलांना सेकंदासेकंदाचा हिशेब ठेवायला शिकवलं, कारण वेळ म्हणजे पैसा. सातव्याखाली तो हिशेबही दिलाय: माणूस सत्तर वर्षं जगला तर त्याच्याकडे २२० कोटी ७५ लाख २० हजार सेकंद असतात, त्यातले तुम्ही किती वाया घालवता?

भाचीनं ‘मोमो’ वाचलंय, मीच दिलं होतं. तिनं मेसेजखाली नुसतं एक प्रश्नचिन्ह टाकलं. बाकी सगळ्यांनी हात जोडले. तेव्हा उत्तर मलाच द्यायला हवं, आणि सुरुवात सातव्या मुद्द्यापासूनच करते, कारण बाकीचे सहा अर्धवट माहितीतून आलेत, सातवा मात्र सरळ उलटा आहे.

‘मोमो’ आलं १९७३मध्ये. एका मोठ्या शहराच्या कडेला पडक्या अँफीथिएटरमध्ये राहणारी एक अनाथ मुलगी, आणि तिला येतं काय, तर लोकांचं ऐकून घेणं. या शहरात करड्या कपड्यांतली, करड्या चेहऱ्यांची, सतत सिगार ओढणारी माणसं येतात. ती ‘वेळ बचत बँके’चे एजंट म्हणवतात आणि लोकांना वेळ वाचवायला लावतात. पुस्तकाच्या सहाव्या प्रकरणात असा एक एजंट फुझी नावाच्या न्हाव्याच्या दुकानात येतो. त्याला नावसुद्धा नाही, नंबर आहे: एक्सवायक्यू/३८४/बी. तो फुझीला सत्तर वर्षांचे सेकंद मोजून दाखवतो. आकडा? २२० कोटी ७५ लाख २० हजार.

म्हणजे मेसेजमधला उपदेश एंडेचा नाही आणि मोमोचा तर नाहीच नाही. तो लोकांचा वेळ चोरणाऱ्या या एजंटचा आहे. साधूच्या वेषात भिक्षा मागायला आलेल्या रावणाचा संवाद उचलायचा आणि ‘रामायणात सांगितलेलं दानाचं महत्त्व’ म्हणून मुलांकडून पाठ करून घ्यायचा, त्यातला हा प्रकार.

पुढचा हिशेब मेसेजवाल्यानं दिला नाही, तो मी देते. फुझी बेचाळीस वर्षांचा आहे, म्हणजे आजवर जगलेले सेकंद १३२ कोटी ४५ लाख १२ हजार. एजंट एकेक रक्कम वजा करत जातो. रोज आठ तास झोप: ४४ कोटी १५ लाख ४ हजार. तेवढंच काम. जेवणाचे दोन तास. म्हाताऱ्या, जवळजवळ बहिऱ्या आईजवळ बसून तिच्याशी रोज बोलायचा एक तास: ५ कोटी ५१ लाख ८८ हजार, गेले! पाळलेल्या पोपटासाठी पाव तास: १ कोटी ३७ लाख ९७ हजार, गेले. घरकाम आणि बाजारहाट. मित्र, गाणं, सिनेमा. दारिया नावाच्या चालू न शकणाऱ्या बाईला तो रोज एक फूल नेऊन देतो, अर्धा तास तिच्याजवळ बसतो: २ कोटी ७५ लाख ९४ हजार. रात्री खिडकीशी बसून दिवसभराचा विचार करायचा पाव तास, तोही गेला. बाकी शून्य.

मी कागद घेऊन बेरीज केली, आकड्यात एका सेकंदाची चूक नाही. तरी त्या प्रकरणाचं नावच आहे: ‘हिशेब चुकीचा आहे, तरी जुळतो’. चूक मांडणीतच आहे. एजंटनं जगलेला प्रत्येक तास खर्चाच्या बाजूला टाकलाय. अशा वहीत आईशी गप्पा मारणारा माणूस नेहमीच दिवाळखोर निघणार आणि काहीच न करणाराच श्रीमंत ठरणार.

मग येतो सल्ला. गिऱ्हाईकाला अर्ध्या तासाऐवजी पंधरा मिनिटं दे, त्याच्याशी बोलू नकोस. आईला स्वस्तातल्या वृद्धाश्रमात टाक. पोपट विकून टाक. दारियाकडे पंधरवड्यातून एकदाच जा, जायचंच असेल तर. गाणं, वाचन, मित्र बंद. दुकानात मोठं घड्याळ लाव, म्हणजे हाताखालच्या पोऱ्यावर लक्ष ठेवता येईल. फुझी हे सगळं करतो आणि चिडका, अस्वस्थ होत जातो. वाचवलेला वेळ त्याच्या खात्यात कधी दिसतच नाही, कारण खातंच नाही. माणसांच्या काळजात उमलणाऱ्या तासांच्या फुलांच्या पाकळ्या वाळवून ही करडी माणसं त्यांचे सिगार वळतात. तो धूर थांबला की ती विरून जातात. बँक म्हणजे त्यांचा रतीब, दुसरं काही नाही.

(आमच्या आजीनंही या मेसेजला हात जोडून दाद दिली. आज्जी, तुझ्याशी बोलण्यात जाणारा वेळ तोट्यात धरणारा हिशेब आहे हा!)

वेळेबद्दल ‘मोमो’ला काही सांगायचंय, एवढं मान्य. ते सांगणारं पात्र आहे बेप्पो, रस्ता झाडणारा म्हातारा. लांबलचक रस्ता पुढे पडलेला असतो. सगळा एकदम बघितला की माणूस घाबरतो, घाई करतो, आणि शेवटी धाप लागून बसतो. म्हणून बेप्पो फक्त पुढचं बघतो: एक पाऊल, एक श्वास, एक झाडूचा फटकारा. रस्ता कधी संपला ते त्याला कळतही नाही. क्लासवाल्यांना फळ्यावर लिहायला हे जास्त उपयोगी होतं, पण यात कोटींचे आकडे नाहीत.

तिसरा मुद्दा, ‘ध्येय आणि नियोजन’. नकाराचं खरं आहे, ते मुकाट्यानं मान्य करते. ‘जिम नॉफ आणि लुकास इंजिन ड्रायव्हर’ हे त्याचं पुस्तक दहाबारा प्रकाशकांनी परत पाठवलं, मग श्टुटगार्टच्या थिनेमान प्रकाशनानं ते १९६०मध्ये छापलं, आणि पुढच्याच वर्षी त्याला जर्मनीचा बालसाहित्याचा मोठा पुरस्कार मिळाला. घरभाडं थकून घरमालकिणीनं दावा लावला होता हीही गोष्ट नेहमी सांगितली जाते. पण नियोजन? शाळेतल्या एका मित्राला चित्रांच्या पुस्तकासाठी थोडा मजकूर हवा होता. एंडेनं पहिलं वाक्य लिहिलं, ‘लुकास राहत होता तो देश अगदी छोटा होता’, आणि दुसरं वाक्य काय येणार याची त्याला कल्पना नव्हती. असं करत करत शेकडो पानं झाली. ‘मोमो’वर तो सहा वर्षं होता. ‘नेव्हरएंडिंग स्टोरी’चं प्रकाशकाशी १९७७मध्ये ठरलं, शंभरेक पानांत उरकेल असा त्याचा अंदाज होता. पुस्तक आलं १९७९मध्ये, चारशेहून जास्त पानांचं, लाल आणि हिरव्या अशा दोन शाईंत छापलेलं. वेळापत्रकाच्या वर्गात या माणसाला बाकावर उभं केलं असतं.

सहावा मुद्दा, ‘तुला हवं ते कर’. हे शब्द ‘नेव्हरएंडिंग स्टोरी’त आहेत हे खरं. बास्टियान नावाच्या मुलाला फँटासिया या कल्पित जगात मिळालेल्या पदकाच्या मागे ते कोरलेले असतात. बास्टियानलाही आधी हेच वाटतं, की वाट्टेल ते करायची परवानगी मिळाली. पण ग्राओग्रामान नावाचा सिंह त्याला स्पष्ट सांगतो की याचा अर्थ तो नाही, आपली खरी इच्छा शोधून काढायची आहे, आणि त्याहून अवघड वाट नाही. पुढचं अर्धं पुस्तक या चुकीच्या अर्थाची किंमत दाखवतं. बास्टियानची प्रत्येक इच्छा पुरी होते आणि प्रत्येकीपोटी त्याची एक आठवण जाते. फँटासियाचा सम्राट व्हायला निघालेल्या माणसांचं शेवटी काय होतं, ते एका शहरात दिसतं: स्वतःचं नाव विसरलेली माणसं अक्षरांचे फासे टाकत बसलीत, कधीतरी एखादी गोष्ट जुळेल म्हणून. ‘इच्छा करा, विश्व तुम्हाला देईल’वाल्यांनी हे पुस्तक हातात घेताना जरा जपून घ्यावं.

आता चौथा आणि पाचवा एकदम. सिनेमा हॉलिवूडचा नाही. १९८४चा तो सिनेमा व्होल्फगांग पीटरसन या जर्मन दिग्दर्शकाचा, निर्माता जर्मन, बहुतेक चित्रीकरण म्युनिकजवळच्या बव्हारिया स्टुडिओत. नट इंग्रजी बोलतात म्हणून सगळ्यांना तो अमेरिकन वाटतो. आणि खटला पैशांसाठी नव्हता. पटकथा बघून एंडे हबकला. सिनेमात पुस्तकाचा पहिलाच अर्धा भाग आहे, म्हणजे इच्छांची किंमत सांगणारा सगळा भाग गायब, आणि शेवटी बास्टियान ड्रॅगनवर बसून त्रास देणाऱ्या पोरांना पळवून लावतो. पुस्तक जिथे नेतं त्याच्या बरोब्बर विरुद्ध. ‘किच (सवंग भडकपणा), धंदा, प्लश आणि प्लास्टिकचा अवाढव्य मेलोड्रामा’ असं तो म्हणाला. माझं नाव काढा, अशी त्याची मागणी होती. खटला तो हरला. जास्त पैसे हवे असते तर गप्प बसून सिनेमाच्या लाटेवर पुस्तकं विकणं कितीतरी सोपं होतं. मेसेजसोबत जो चित्रातला केसाळ, कुत्र्यासारख्या तोंडाचा ड्रॅगन पाठवलाय, तो त्याच सिनेमातला. पुस्तकातल्या ड्रॅगनला, फुखुरला, मोत्यासारखे खवले आहेत.

पहिला मुद्दा दोन ओळींत उडवण्यासारखा आहे, पण तो सगळ्यांत घाणेरडा आहे म्हणून चार ओळी. वडील एडगार एंडे हे अतिवास्तववादी चित्रकार. १९३६मध्ये नाझींनी त्यांची कला ‘विकृत’ ठरवून त्यांच्यावर बंदी घातली. पुढे युद्धात त्यांना सक्तीनं भरती केलं. ‘नाझी सैनिक’ हे एवढ्यावरून. बॉम्बहल्ल्यात स्टुडिओ जळाला, त्यात बहुतेक चित्रं गेली. मुलाला १९४५मध्ये, पंधराव्या वर्षी, भरतीचा हुकूम आला. तो त्यानं फाडून टाकला आणि म्युनिक गाठून नाझीविरोधी गटाचे निरोप पोचवले. पुढे हाच मुलगा ‘जिम नॉफ’मध्ये ड्रॅगनचं एक शहर रंगवतो, ज्याच्या वेशीवर पाटी आहे की शुद्ध रक्ताच्या ड्रॅगनखेरीज कुणी आत आल्यास मृत्युदंड. आणि जिमचा मित्र होतो नेपोमुक, ज्याची आई पाणघोडा असल्यामुळे त्याला त्या शहरात थारा नाही. या पुस्तकात काळ्या मुलासाठी वापरलेल्या काही शब्दांवरून जर्मनीत वाद झाला, २०२४च्या नव्या आवृत्तीत ते बदललेही, आणि ते योग्यच झालं. पण नाझी घरचे संस्कार या पुस्तकात शोधणाऱ्यानं ती पाटी वाचलेली नाही.

राहिलं ‘कोट्यधीश’ आणि ‘वेळ म्हणजे पैसा’. पुस्तकं जगभर कोट्यवधींनी खपली, पैसा आला, यात वाद नाही. तो राहिला मात्र नाही. आर्थिक सल्लागाराच्या कारभारानं डोक्यावर मोठं कर्ज झालं. १९८५मध्ये पत्नी इंगेबोर्ग वारल्यावर एंडे रोमजवळच्या गेन्झानोमधलं बस्तान हलवून म्युनिकला परतला. पैशाविषयी त्याचं म्हणणं काय होतं, तेही नोंदलेलं आहे. १९८६मध्ये व्हेर्नर ओन्केन या अर्थतज्ज्ञानं ‘मोमो’मागे ‘म्हातारा होणारा पैसा’ ही कल्पना आहे असं मांडलं. धान्य कुजतं, माणूस थकतो, मग पैशानंच साठवून ठेवल्यावर वाढत का राहावं, त्याचीही किंमत काळानुसार घटावी, असा हा विचार, अर्थविचारक सिल्व्हिओ गेझेल आणि तत्त्वज्ञ रुडॉल्फ श्टायनर यांचा. एंडेनं ओन्केनला उत्तर पाठवलं की हे ओळखणारे तुम्ही पहिलेच. शेवटच्या वर्षांतही तो यावर बोलत राहिला. १९९५मध्ये तो गेला, आणि १९९९मध्ये जपानच्या एनएचके वाहिनीनं त्याच्या हयातीत ध्वनिमुद्रित केलेल्या मुलाखतीवरून याच विषयावर कार्यक्रम केला. त्यानंतर जपानमध्ये कितीतरी गावांनी व्याज न वाढणारं, साठवून उपयोग नसलेलं आपापलं स्थानिक चलन वापरून बघितलं.