धरण किती भरलं ते कळलं, आता गटारात किती गेलं ते सांगा

पावसाळा लागला की पुण्यातल्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक तक्ता फिरायला लागतो. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर. चारही भरली की २९.१५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट पाणी. कोणीतरी हात जोडलेला इमोजी टाकतं आणि वर्षाची चिंता मिटते. पुढे कालवा समितीची बैठक होते, दौंड-इंदापूरच्या शेतीला कालव्यातून कधी, किती पाणी सोडायचं, म्हणजे आवर्तनावरून खडाजंगी होते, पुणेकर पाणी उधळतात की ऊसवाले यावर हिरिरीने भांडणं होतात आणि महापालिका धरणातल्या पाण्याचा कोटा वाढवून मागते. भामा आसखेडचं पाणी आलं, आता मुळशीतलं ५ टीएमसी द्या. आपल्या शहराच्या पाण्याचं नियोजन म्हणजे साधारण एवढंच, आणि ते चुकीच्या टोकापासून सुरू होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

घरात आलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के मैलापाणी होऊन बाहेर पडतं, हा इंजिनिअर मंडळींचा जुना ठोकताळा. पण मैलावाहिनीला पाणी कुठून आलं याच्याशी काही घेणंदेणं नसतं. नळाचं, बोअरचं, टँकरचं, सगळं तिच्याच पोटात. आमच्या सोसायटीत टँकरची वही मी सांभाळतो. वॉचमन टाकीत बांबू घालून पातळी बघतो, वहीत वेळ लिहितो, ड्रायव्हरची सही घेतो. (टँकर दहा हजार लिटरचा म्हणून येतो. बांबूचं मत दरवेळी तसं पडत नाही, पण ते असो.) या वहीतलं पाणी शहराच्या कोणत्याच कोट्यात धरलेलं नाही. बाहेर पडताना मात्र ते त्याच नाल्यात जातं. मग फक्त कोट्यावरून मैलापाण्याचा अंदाज बांधला, तर तो कमीच भरणार ना?

उपनगरांत तर आणखी मजा. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पालिकेत आली. गावं आधी आली, पाइप मागाहून येणार होते. तोवर बांधकाम परवानगी देताना बिल्डरकडून हमीपत्र घ्यायचं, की पाणी मिळेपर्यंत टँकरने देईन. मोठ्या गृहप्रकल्पांना स्वतःचा एसटीपी, म्हणजे मैलापाणी शुद्ध करणारं छोटं केंद्र, बांधावा लागतो, तो बांधलाही जातो. पण बिल्डर हात झटकून गेला की त्यात हवा सोडणाऱ्या ब्लोअरचं वीजबिल सोसायटीच्या गळ्यात पडतं. मीटिंगमध्ये 'मेंटेनन्स कमी करा' म्हणणाऱ्यांची पहिली नजर कुठे जाते, हे खजिनदार म्हणून मी छातीठोक सांगू शकतो.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे (गिलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण सापडायला लागले आणि संशय लगेच पाण्यावर गेला. नांदेड गावातल्या ज्या विहिरीची चर्चा झाली, तिचं पाणी जलशुद्धीकरण केंद्रात न जाता नुसतं क्लोरीन टाकून गावांना जात होतं. खडकवासला धरणाच्या ऐन पायथ्याशी! टीएमसीचा तक्ता तिथल्या माणसाच्या काय कामाचा? त्याला लागत होतं एक शुद्धीकरण केंद्र, आणि पिण्याच्या पाण्यापासून सांडपाणी लांब ठेवणारी धड व्यवस्था.

आणि कोट्याचं म्हणाल, तर त्याचीही किल्ली मैलापाण्यातच आहे. शहराने साडेसहा टीएमसी प्रक्रिया केलेलं पाणी मुंढव्याच्या जॅकवेलमधून, म्हणजे उपसा विहिरीतून, बेबी कालव्यात सोडायचं, ते शेतीला वापरायचं आणि त्या बदल्यात धरणातलं पाणी शहराला, असा हा व्यवहार. कागदावर सुरेख. पण खाली दौंडकडचा शेतकरी म्हणतो, हे पाणी काळं आहे, वास मारतं. तो धरणातलं पाणी मागतो, यात त्याचं काय चुकलं? जपान सरकारच्या जायका या मदतसंस्थेचं कर्ज घेऊन ११ मैलाशुद्धीकरण केंद्रं बांधायचा करार २०१६ चा. क्षमता रोज ३९६ दशलक्ष लिटर. प्रत्यक्ष काम सुरू व्हायला २०२२ उजाडलं. त्या काळात मुठेतून काय काय वाहून गेलं ते भिडे पुलावर उभं राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

नागपूरचं उदाहरण दिलं की पुणेकराला जरा झोंबतं, तरी देतो. भांडेवाडीत प्रक्रिया केलेलं मैलापाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला जातं. महानिर्मिती त्याचे पैसे मोजते, आणि तेवढं धरणातलं ताजं पाणी वाचतं. मैलापाण्याला गिऱ्हाईक मिळालं की केंद्र नीट चालवायला कारण मिळतं. आपल्याकडे केंद्र बंद पडलं तर बोंब मारणारं कोणी नसतं. नदी काही तक्रार अर्ज करत नाही.

समान पाणीपुरवठा योजनेबद्दलही बोललं पाहिजे. २०१७ मध्ये पालिकेने त्यासाठी २०० कोटींचे रोखे काढले, मुंबई शेअर बाजारात घंटा वाजवली. टाक्या झाल्या, पाइप पडले, मीटर बसले. मला ही योजना मनापासून पटते. पण घरगुती पाणीपट्टी अजून मिळकतकराच्या बिलाबरोबरच येते. रीडिंगचा बिलाशी संबंध नसेल, तर चेंबरमधल्या मीटरकडे बघणार कोण? कराडशेजारच्या छोट्याशा मलकापूरने मीटरप्रमाणे बिल लावून चोवीस तास पाणी देऊन दाखवलं. जास्त वापराल तर दर चढा. तिथल्या लोकांना ते पटलं, आपल्याला का पटू नये?

माझी मागणी एकच, आणि ती फुकटात होण्यासारखी आहे. पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण ही दोन खाती एका टेबलावर बसवा. प्रत्येक झोनला महिन्याला पाणी किती दिलं, त्यातलं मीटरवर किती दिसलं, टँकर किती आले, मैलापाणी किती निघालं आणि त्यातलं किती साफ होऊन नदीत गेलं, असा एका पानाचा ताळेबंद वेबसाइटवर टाका. ज्या भागाच्या मैलापाण्याची सोय या पानावर दिसत नाही, तिथल्या नव्या बांधकामांना भोगवटा पत्र देऊ नका. बिल्डर ओरडतील. ओरडू देत.