मेट्रोला उतर आणि सरळ जा

लग्नाच्या पत्रिका वाटण्यात फक्त पायपीट असते, असा माझा समज होता; त्यासाठी इतिहासाचाही अभ्यास लागतो, हे मामांमुळे कळले. मुंबईतला कोणताही पत्ता मामा रस्त्याच्या नावाने सांगत नाहीत. त्यांच्या डोक्यातल्या नकाशावर केवळ थिएटरे आहेत आणि त्यांतली बरीचशी आता जागेवर उरलेली नाहीत.

गिरगावातल्या अप्पांना पत्रिका द्यायची होती. "मेट्रोला उतर, सरळ चालत राहा आणि मॅजेस्टिकच्या अलीकडच्या गल्लीत वळ," असे मामांनी सांगितले. मी जन्माने डोंबिवलीकर. दादरला भुयारी मेट्रो पकडली, गिरगाव स्थानकात उतरलो आणि वर येऊन मामांना फोन लावला.

"मेट्रो दिसतंय का?"

"त्यातूनच तर उतरलो, मामा."

"सकाळी दहा वाजता सिनेमाला कशाला गेलास? पत्रिका कोण देणार?"

मामांचे मेट्रो म्हणजे हॉलिवूडच्या मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीने १९३८ साली धोबी तलावाजवळ उभारलेले थिएटर. त्याच नावाची गाडी आता शहराच्या पोटातून धावते हे त्यांनी बातम्यांत पाहिले आहे, परंतु त्यांना ते मान्य नाही.

शेवटी मी टॅक्सी केली आणि "मॅजेस्टिक" एवढेच म्हणालो. टॅक्सीवाल्याने "आमदार निवास?" असे विचारले. मामांच्या ओळखी कुठवर असतील याचा भरवसा नसल्यामुळे मी मान डोलावली आणि थेट कुलाब्यातल्या 'मॅजेस्टिक' नावाच्या आमदार निवासापाशी पोहोचलो.

"आता समोर काय दिसतंय?" मामांनी विचारले.

"रीगल."

पलीकडे शांतता पसरली. मामा रागावले असावेत असे मला वाटले, पण ते गहिवरले होते. "१९३३ सालचं आहे ते! त्या काळात आत गारवा, खाली गाड्या ठेवायला तळघर. आणि बाल्कनीतून दिसणारा पडदा..." बाल्कनी संपून अप्पर स्टॉल येईपर्यंत टॅक्सीचा मीटर पळतच होता. मग मॅजेस्टिकचा खुलासा झाला: १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट गिरगावातल्या ज्या थिएटरात झळकला आणि ज्याच्या दाराशी गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले, ते मॅजेस्टिक.

"पण ते तर पाडलं ना?"

"पाडलं म्हणून काय झालं? जागा तीच आहे!"

खरे सांगायचे तर हे दुखणे एकट्या मामांचे नाही. दर पावसाळ्यात वृत्तवाहिन्या 'हिंदमाताला पाणी तुंबले' असे घसा ताणून सांगतात, तेव्हा तिथे लोक एके काळी पाण्याखेरीज आणखीही काही पाहायला जात असत, हे किती जणांच्या ध्यानात येत असेल? आमच्या मावशीही त्यातल्याच. घरातले कोणतेही जुने भांडण त्या 'मिनर्व्हाला शोले चालू होता तेव्हाचे' म्हणून सांगतात आणि तो सिनेमा तिथे पाच वर्षे मुक्कामाला असल्यामुळे भांडणाची तारीख कधीच ठरत नाही.

दीड वाजता मी अप्पांच्या तिसऱ्या मजल्यावर पोहोचलो. त्यांनी सरबत दिले, चष्मा पुसला आणि पत्रिका उजेडात धरून सावकाश वाचली. तीत कार्यालयाचा संपूर्ण पत्ता होता, पिनकोड होता, मागे नकाशा होता आणि मोबाइलने टिपायचा चौकटीचा कोडही होता.

"हे सगळं ठीक आहे," अप्पा म्हणाले, "पण हॉल नेमका कोणत्या थेटराजवळ?"

मी मुकाट्याने मामांना फोन लावून स्पीकर चालू केला.

"चित्राच्या मागे!" मामा ओरडले.

"मग सरळ तसं छापायचं ना!"

चित्रा २०१९ सालीच बंद झाले, हे शब्द मी सरबताबरोबर गिळले. अप्पांनी माझ्याकडे पेन मागितले, छापील पत्त्यावर एक आडवी रेघ मारली आणि खाली ठसठशीत अक्षरांत लिहिले: 'चित्रा'.