आवाज येतोय का?

ऑफिसचा तांब्याच्या तारेवरचा फोन काढून इंटरनेटवरचा घ्यायचा, हा ठराव आमच्याकडे मंजूर झाला. ठराव मांडला भागीदाराने, अनुमोदनही त्याचंच, आणि नोंदवून न घेतलेला विरोध माझा.

विकायला आलेला मुलगा फार गोड बोलत होता. "सर, एकाच लाइनवर हवी तेवढी एक्स्टेन्शन्स. घरून बोला, परगावाहून बोला, समोरच्याला ऑफिसचाच नंबर दिसणार." भागीदाराचा चेहरा उजळला. माझा पडला. संध्याकाळी ऑफिसला कुलूप लावलं की फोनपासून सुटका, ही या धंद्यातली माझी एकमेव खात्रीची कमाई होती.

मी विचारलं, "वीज गेली तर?"

मुलगा हसला. भागीदारही हसला. वीज मात्र आठवडाभरात गेली, आणि जुन्या फोनचा मोठेपणा कळला. त्याला वीज एक्स्चेंजमधून त्याच तारेने यायची, साधारण 48 व्होल्ट, आणि एक्स्चेंजकडे बॅटऱ्यांची फौज. इमारत काळोखात बुडाली तरी बिचारा वाजायचा. नव्याला स्वतःला वीज हवी, राउटरला हवी, तारा एकमेकींना जोडणाऱ्या मधल्या नेटवर्क स्विचला हवी, भिंतीवर लुकलुकणाऱ्या त्या डबीलाही हवी. मग या सगळ्या गोतावळ्यासाठी यूपीएस आला. त्याचा खर्च फोनच्या बचतीतून वजा करायचा नाही, असं भागीदाराचं मत पडलं. तो म्हणे विजेच्या खात्यात जातो.

आवाजाचं काय होतं, ते मुलाने कागदावर काढून दाखवलं होतं. बोलण्याचे सहसा 20 मिलिसेकंदांचे तुकडे करतात, म्हणजे सेकंदाला 50. प्रत्येकावर पत्ता घालून रवाना. एखादा वाटेत हरवला तर पुन्हा मागवत नाहीत, कारण तो येईपर्यंत वाक्य पुढे गेलेलं असतं. एक-दोन तुकडे गळले तर कानाला पत्ताही लागत नाही. अख्खा शब्द गायब व्हायला दहा-पंधरा तुकडे एका दमात गळावे लागतात, आणि आमच्या लाइनला ते छान जमायचं. "या आठवड्यात माल मिळणार नाही" असं मी स्वच्छ सांगितलं. ग्राहकाची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभी.

शोध घेतला तेव्हा कळलं की नेमक्या त्याच वेळी हिशेबनीसबाई महिन्याच्या फायली क्लाउडवर चढवत होत्या. एका कॉलला इंटरनेटचा वेग लागतो किती, तर शंभर केबीपीएससुद्धा नाही, म्हणजे सेकंदाला एक लाख बिटही नाहीत. पण फायलींच्या त्या लोंढ्यामागे माझा 'नाही' रांगेत उभा राहिला आणि तिथेच बाद झाला. राउटरमध्ये आवाजाला अग्रक्रम द्यायची सोय असते, ती लावून घेतली. आता फायली हळू चढतात आणि बाई माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

पुढचा आजार एकतर्फी आवाजाचा. मला ग्राहक ऐकू येतो, मी त्याला नाही. खरं सांगायचं तर ही अवस्था तितकीशी वाईट नाही: तक्रार पूर्ण ऐकायची, उत्तराची जबाबदारी शून्य. पण भागीदाराला ते पटेना. फोनवाल्यांना विचारलं, ते म्हणाले इंटरनेट तपासा. इंटरनेटवाले म्हणाले, स्पीड उत्तम आहे, फोनवाल्यांना विचारा. एका मुद्द्यावर मात्र दोघांचं एकमत होतं: "राउटर बंद करून चालू केलात का?" त्या काळात आमच्या राउटरला जेवढी विश्रांती मिळाली, तेवढी मला सुट्टीतही मिळालेली नाही. जुन्या फोनचं सुख हे होतं की तार एक, कंपनी एक, आणि ओरडायचं कुणावर हे ठरलेलं.

अखेर चोर सापडला राउटरच्या पोटात. 'एसआयपी एएलजी' नावाची एक सेटिंग. फोनच्या संदेशांमधले पत्ते दुरुस्त करून मदत करावी म्हणून ती ठेवलेली असते. तिने न मागता इतकी दुरुस्ती केली की माझा आवाज भलत्याच पत्त्यावर जात होता. मदत बंद केल्याबरोबर सगळं सुरळीत. असे मदतनीस माणसांतही असतात, पण त्यांची सेटिंग सापडत नाही.

1891 साली स्वयंचलित एक्स्चेंजचं पेटंट घेणारा ऑल्मन स्ट्रॉजर हा अंत्यविधीचा व्यवसाय करायचा. एक्स्चेंजमधली बाई आपली गिऱ्हाइकं प्रतिस्पर्ध्याकडे वळवते, असा त्याला संशय होता असं सांगतात. त्याने बाईला मधून काढण्यासाठी यंत्र बनवलं. आम्ही यंत्र घेतलं आणि त्यात पैसे मोजून बाई बसवली. "विक्रीसाठी एक दाबा, तक्रारीसाठी दोन दाबा." काहीही दाबा, वाजतो माझाच फोन.

एक मात्र मान्य करायला हवं, आवाज सुंदर येतो. जुन्या फोनवर साधारण 300 ते 3400 हर्ट्झमधलाच आवाज जायचा, त्यामुळे 'स' आणि 'फ' यांतला फरक नशिबावर. दोन्हीकडे नवी यंत्रणा असेल तर आता 7000 हर्ट्झपर्यंत सगळं पोचतं. म्हणजे ग्राहक "पुढच्या महिन्यात नक्की देतो" म्हणाला की मी टाकलेला सुस्काराही. परवा एकाने काळजीने विचारलं, "साहेब, तब्येत बरी नाही का? मग बिलाचं आपण निवांत बोलू."